भरलेल्या ताटाजवळ उपाशी मेंदू

"सकाळपासून मला कुणी जेवायला दिलं नाही," असं घरातली दादी पाहुण्यांना सांगते. जेवण होऊन अर्धा तासही झालेला नसतो. पाहुणे सुनेकडे पाहतात, सून मान खाली घालते. कुठे अब्बा असरची नमाज झाली का, हे तिसऱ्यांदा विचारतात. कुठे नाना रोजच्या मशिदीची वाट चुकतात. अशा वेळी आपण म्हणतो, 'वय झालं' किंवा 'मुद्दाम करतात.' बऱ्याचदा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. कारण अल्झायमर हा आजारही असू शकतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. त्याचं मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज, रक्तातली साखर. तिचा मोठा साठा मेंदूला करता येत नाही. रक्तातून येईल त्यावरच त्याचं काम चालतं.

अल्झायमरमध्ये ही साखर वापरण्याची ताकद कमी होत जाते. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत ग्लुकोजसारखं एक द्रव्य शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ते किती ओढतो, हे पाहतात. या रुग्णांत आठवण, दिशा आणि शब्द सांभाळणारे भाग मंद दिसतात. काहींमध्ये तर घरच्यांच्या लक्षात येण्याआधीच हा फरक दिसतो. आताच घडलेली गोष्ट टिपून ठेवणारे भाग सुरुवातीलाच दुबळे होतात. म्हणून दादीला जेवल्याचं आठवत नाही, पण लहानपणी पाठ केलेल्या सूरा अडखळत नाहीत. ती खोटं बोलत नसते.

1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल प्रथम मांडले. पेशींच्या बाहेर साचणारं अमायलॉइड आणि पेशींच्या आत गुंता करणारं टाऊ, ही या आजाराची ओळख आजही कायम आहे.

मग गोड खाऊ घालावं का? नाही. साखर रक्तात असतेच, ती वापरता येत नाही. उलट मधुमेहामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो आणि औषधामुळे साखर फार उतरली, तरी मेंदूला इजा होते. म्हणून मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. गोळ्या मात्र दुसऱ्या कुणीतरी मोजून द्याव्यात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये 14 कारणं सांगितली. ती टाळता आली, तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्याचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, बैठी राहणी ही त्यांतली काही. म्हणजे चाळिशीत रक्तदाब तपासणं, अम्मीच्या कानाला यंत्र बसवणं, मोतीबिंदू काढून घेणं ही मेंदूचीच काळजी आहे.

प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होतं आणि त्यावर उपचार आहेत. दुआ करावीच, पण तपासणी लांबवू नये. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही. तरी काही औषधांनी लक्षणांना थोडा आधार मिळतो.

घरात काय करावं? "मला ओळखलं का?" अशी परीक्षा घेऊ नये, "अम्मी, मी सलमा" असं आपणच सांगावं. "आत्ताच तर जेवलात!" असा वाद घालण्यापेक्षा दोन खजूर किंवा फळाची फोड हातात द्यावी, मधुमेह असेल, तर डॉक्टरांनी चालेल म्हटलेलंच. नमाजला शेजारी उभं राहावं, म्हणजे रकअत मोजण्याचा भार उतरतो. आणि ही सगळी खिदमत एकट्या सुनेवर टाकू नये. मुलांनी, मुलींनी, नातवंडांनी दिवसाचे तास वाटून घ्यावेत. थकलेल्या माणसाला गोड बोलणं जड जातं, आणि या आजारात गोड बोलणं औषधाइतकंच लागतं.