साल्हेरची पडझड टिपताना

बागलाणातला साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. मराठे आणि मुघलांची १६७२ची लढाई इथलीच. २०२५ साली तो जागतिक वारसा यादीतही गेला. बहुतेक जण माथ्यावरच्या परशुराम मंदिरापाशी सूर्योदय टिपून उतरतात. मला मात्र खरा साल्हेर वाटेवरच्या दरवाजांत आणि पडक्या जोत्यांत दिसतो. सकाळचं तिरपं ऊन भिंतीला घासून गेलं की छिन्नीचे घाव, सांध्यांतून झडलेला चुना, फटीत रुजलेलं रोप सगळं उठून दिसतं. भर दुपारी तीच भिंत सपाट दिसते. दरवाजात आतला अंधार नि बाहेरचं ऊन एका फोटोत मावत नाही, म्हणून ट्रायपॉड लावून कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घ्या नि नंतर एकत्र जोडा. फ्रेमसाठी दगड हलवू नका, ढासळत्या तटावर तर चढूच नका!