कार्बाझोलचा रेंगाळणारा प्रकाश

काही सेंद्रिय स्फटिक अतिनील दिवा मालवल्यावरही सेकंदभर वा त्याहून अधिक काळ उजळत राहतात, आणि दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारे कार्बाझोल हे संयुग व त्याचे अनुजात, म्हणजे त्यापासून बनवलेली संयुगे, त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. प्रकाश शोषलेल्या रेणूतील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, तेव्हा रेणू उत्तेजित झाला असे म्हणतात. या इलेक्ट्रॉनाचे परिवलन, म्हणजे भोवऱ्याच्या फिरण्याशी ढोबळमानाने जुळणारा त्याचा अंगभूत गुण, खाली राहिलेल्या जोडीदाराच्या विरुद्ध असेल तर ती ‘एकक’ अवस्था होय; तिच्यातून रेणू साधारणतः काही अब्जांश सेकंदांतच प्रकाश टाकून मूळ स्थितीला येतो व यास अनुस्फुरण म्हणतात. परिवलन उलटून दोन्ही समांतर झाली, तर मात्र रेणू ‘त्रिक’ अवस्थेत अडकतो, कारण परतीसाठी ते पुन्हा उलटावे लागते आणि पुंजयामिकीच्या नियमांनुसार असे संक्रमण जवळजवळ निषिद्ध असते. तेथून सावकाश बाहेर पडणारा प्रकाश म्हणजे प्रस्फुरण.

प्रस्फुरणाचा संबंध त्रिक अवस्थेशी आहे, हे गिल्बर्ट लुईस व मायकेल काशा यांनी 1944 मध्ये मांडले. परंतु नेहमीच्या तापमानाला रेणूंची कंपने व हवेतील ऑक्सिजन ही ऊर्जा प्रकाश निघण्यापूर्वीच हिरावून घेतात, म्हणून असे प्रयोग दीर्घकाळ अतिथंड, काचेसारख्या गोठलेल्या द्रावणांत होत. स्फटिकात मात्र रेणू एकमेकांना घट्ट जखडतात, त्यामुळे ही कंपने मंदावतात आणि नेहमीच्या तापमानालाही प्रस्फुरण दिसू शकते. 2015 मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने रेणूंच्या विशिष्ट रचणीमुळे त्रिक अवस्था स्थिरावते असे सांगून 1.35 सेकंदांपर्यंतचा आयुःकाल नोंदवला, आणि हे स्पष्टीकरण बरेच रुळले.

त्याला धक्का बसला तो सिंगापूरमधील बिन ल्यू यांच्या गटाच्या कामामुळे. या गटाने बाजारातील कार्बाझोल न वापरता ते प्रयोगशाळेतच अतिशुद्ध रूपात बनवले, तेव्हा दीर्घ प्रस्फुरण जवळजवळ नाहीसे झाले! बाजारातील नमुन्यांत त्याचा एक समघटक, म्हणजे अणू तेवढेच पण कड्यांची जोडणी निराळी असलेला रेणू, 0.5 टक्क्याहूनही कमी प्रमाणात मिसळलेला होता. शुद्ध कार्बाझोलपासून केलेले दहा अनुजातही आधी नोंदलेला दीर्घ प्रकाश देईनात, आणि समघटक अवघा 0.1 टक्का मिसळताच तो परतला. या गटाच्या मते समघटकाचे रेणू विद्युत्‌भार पकडून ठेवणारे सापळे ठरतात. पकडलेले विरुद्ध भार उशिराने एकत्र आले की उत्तेजित अवस्था नव्याने निर्माण होऊ शकते, त्यामुळे दिवा मालवल्यानंतरचा सगळाच विलंब त्रिक अवस्थेच्या खात्यावर टाकता येत नाही. बेंझोफेनोनसारख्या इतर स्फटिकांना हा निष्कर्ष सरसकट लावणे घाईचे होईल, मात्र कार्बाझोलच्या बाबतीत निव्वळ रचणीचे स्पष्टीकरण अपुरे पडते.