स्टोमा बंद केल्यावरची जखम

आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आतला जोड भरून येईपर्यंत मल बाहेर पडावा म्हणून पोटावर आतड्याचे तोंड काढतात, तो स्टोमा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो बंद करतात. आतडे जोडून आत ढकलले की पोटावर उरते ती गोल जखम. खरी कटकट अनेकदा तिचीच असते.

त्या जागेच्या त्वचेचा मलातल्या जंतूंशी सतत संबंध आलेला असतो. जखमेच्या कडा सरळ रेषेत ओढून पूर्ण शिवल्या, तर आत साचणारे पाणी आणि जंतू तिथेच कोंडतात. मग पू, ताप, टाके उघडणे, रोजचे ड्रेसिंग.

बॅनर्जी या सर्जनांनी १९९७ मध्ये वेगळी रीत मांडली. बटव्याची नाडी ओढावी तसा कडेने एकच गोल टाका घालून जखम आवळायची, पण मधे लहानसे छिद्र मुद्दाम ठेवायचे. त्यातून स्राव बाहेर येतो, जखम तळापासून भरते. २०१० च्या एका चाचणीत सरळ शिवलेल्या ३१ पैकी १२ रुग्णांना जंतुसंसर्ग झाला. गोल टाक्याच्या ३० पैकी फक्त २ जणांना. नंतरच्या अभ्यासांचा कलही याच बाजूला आहे.

छिद्र भरायला मात्र काही आठवडे लागतात आणि तोवर ड्रेसिंग करावे लागते. उघडी जखम पाहून घरचे घाबरतात, म्हणून हे आधीच समजावून सांगायला हवे. थोडा पातळ स्राव अपेक्षितच असतो. भोवती लाली पसरली, दुखणे वाढले, घाण वास किंवा ताप आला, तर लगेच सर्जनला दाखवा.