थंडीत घरात काय रुजवावं?

कोल्हापुरात बर्फ पडत नाही, मग बी घरात रुजवायचं कशाला? शंका रास्त आहे. पण डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी चांगलं ऊन असलं, तरी पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. मिरची-वांग्याच्या बियांना २५ ते ३० अंशांची ऊब लागते. उघड्यावर त्या रेंगाळतात, पाणी जास्त झालं तर कुजतात. म्हणून ट्रे घरात ठेवावा, पण फक्त कोंब फुटेपर्यंत. घरातली रोपं काटकुळी होतात हा आक्षेप खरा; त्याचं कारण अपुरा उजेड. कोंब दिसताच ट्रे कोवळ्या उन्हात काढावा.

झाडांचं गणित वेगळं. जांभूळ, फणसाचं बी वाळलं की संपलंच. फळ खाल्लं की ते लगेच लावायचं, थंडीपर्यंत राखण्यात अर्थ नाही. बहाव्याचं बी मात्र कठीण कवचामुळे टिकतं. त्याची एक कड सँडपेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी लावा, टणक राहिलेलं पुन्हा घासा. सरळ पावसाळ्यातच का पेरू नये? पेरता येतं, पण ते रोप पुढच्या उन्हाळ्याला कोवळंच सापडतं. जानेवारीत पिशवीत रुजलेलं रोप मृगाच्या सरींपर्यंत मुळं धरून जमिनीत लावण्याजोगं झालेलं असतं.