जोड तोच, कसोटी निराळी

झाशी म्हटले की मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर प्रथम राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या शहराला लोखंडाचाही मोठा इतिहास आहे. १८९५ सालापासूनचा येथील रेल्वे कारखाना मालगाड्यांच्या वाघिणींची दुरुस्ती करीत आला आहे. १९७४ मध्ये ललितपूर मार्गावर खैलार येथे आलेला भेलचा कारखाना ट्रान्सफॉर्मरसाठी ओळखला जातो. अशा शहरात वेल्डिंगची दुकाने असणारच. त्यांच्यापैकी एखाद्या मालकाने ‘ग्रिल-शटर पुष्कळ झाले, आता बारीक कामासाठी टिग मशीन घ्यायचे आहे’ असा कर्जप्रस्ताव आणला, तर तो पारखताना बँक अधिकाऱ्याला या दोन कामांतील फरक ठाऊक असावा लागतो.

सर्वसाधारण फॅब्रिकेशनमध्ये वेल्डिंग हा कामाचा एक टप्पा असतो. अँगल-चॅनेल कापणे, वाकवणे, गुण्यात धरून टाके मारणे, मग ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने जोड भरणे, असा तो क्रम. फाटक दोन-तीन मिलिमीटर ओढले गेले तर हातोडा ते सरळ करतो आणि खडबडीत जोड ग्राइंडर व रंगाखाली जातो. यात कमीपणा काही नाही. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी, भट्टीसारख्या तापलेल्या शेडमध्ये नजरेच्या अंदाजाने चौकट काटकोनात आणणाऱ्या कारागिराचे कसब थोर आहे. इतकेच, की तेथे थोडी चूक माफ असते.

सूक्ष्म वेल्डिंगमध्ये ती माफ नसते. साध्या पोलादाची एक मीटर पट्टी १०० अंशांनी तापली की सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. भांडी व नळ्यांसाठी नेहमी वापरले जाणारे स्टेनलेस सुमारे १.७ मिलिमीटर. शिवाय या स्टेनलेसमधून उष्णता हळू पसरते, म्हणून ती जोडापाशीच साचते आणि पातळ पत्रा पापडासारखा वळतो. म्हणून काम जिगमध्ये आवळतात, तांब्याची पट्टी मागे देऊन उष्णता शोषून घेतात, टाक्यांचा क्रम आधी ठरवतात. टिगमध्ये टंगस्टनच्या टोकाशी ज्योत पेटते. तो धातू सुमारे ३,४०० अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे टोक टिकते. हवेहून जड असा आर्गॉन वायू वितळलेल्या धातूला प्राणवायूपासून राखतो. जाणकार वेल्डर जोडाचा रंगही वाचतो: चंदेरी वा फिकट पिवळा असेल तर ठीक, काळपट-करडा झाला तर उष्णता अधिक झाली किंवा वायूचे आवरण तुटले.

मात्र मशीनवरून दोन्ही कामांत सीमारेषा ओढणे चुकीचे ठरेल. ट्रान्सफॉर्मरची टाकी जाड पत्र्याची, म्हणजे दिसायला फॅब्रिकेशनच. पण तिच्यातील तेल विद्युतरोधनाचे काम करते. सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तर तेल झिरपते आणि ओलावा आत शिरतो. दहा लाख भागांत काही दशक भाग पाणीही तेलाची रोधनशक्ती घटवते. म्हणून टाकी हवेच्या दाबाने व निर्वाताने तपासतात, जोडांवर साबणाचे पाणी किंवा भेदक रंग लावून छिद्रे शोधतात. जोड कोणत्या पद्धतीने करावा हे लेखी ठरलेले असते आणि वेल्डरनेही आधी चाचणी दिलेली असते.

आता कर्जाकडे वळू. अशा प्रस्तावात मशीनची किंमत अचूक लिहिलेली असते. आर्गॉनचे सिलिंडर, जिग, तपासणीचा खर्च, चाचणी उत्तीर्ण वेल्डरचा पगार आणि नाकारल्या जाणाऱ्या नगांची तूट मात्र गाळलेली दिसते. माझ्या मते खरे भांडवल तेथेच लागते. देयकाची गतीही बदलते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. परंतु माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. एक सदोष जोड म्हणजे अडकलेले बिल, आणि हप्त्याची तारीख मात्र त्यासाठी थांबत नाही. म्हणून या ग्राहकांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, मागणीपत्रात तपासणीची पद्धत व ती कोण करणार हे आधीच लिहून घ्यावे, आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा मागताना पहिले सहा महिने तरी नाकारलेल्या मालाचा हिशेब त्यात धरावा.