थरच्या वाळूतले सरपटणारे प्राणी आणि छायाचित्रकाराची दमछाक

पश्चिम राजस्थानातील थरच्या वाळवंटात सरडे, पाली, घोरपडी आणि साप यांच्या अनेक जाती राहतात, त्यांपैकी काही तर या रखरखीत प्रदेशाखेरीज भारतात अन्यत्र आढळतही नाहीत. तरीही त्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी दूरवरून आलेल्या अभ्यासकांना आणि हौशी छायाचित्रकारांना पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागते. हे अपयश नशिबाच्या माथी मारले जात असले, तरी त्याचे खरे कारण प्राण्यांच्या जीवनक्रमातच आहे. ज्या सवयींच्या बळावर हे प्राणी वाळवंटात तग धरतात, त्याच सवयी त्यांना माणसाच्या नजरेआड ठेवतात.

पहिली अडचण वेळेची आहे. सरपटणारे प्राणी शीतरक्ताचे असतात, म्हणजेच शरीराची उष्णता आतून निर्माण करून ती कायम राखणे त्यांना शक्य नसते, आणि त्यामुळे ऊन, सावली व जमीन यांचा आधार घेऊन त्यांना आपले तापमान सांभाळावे लागते. जैसलमेर परिसरात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढते आणि भर दुपारी वाळूचा पृष्ठभाग त्याहूनही बराच अधिक तापतो, तर हिवाळ्यातील रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात. परिणामी दिवसा वावरणाऱ्या जाती उन्हाळ्यात सकाळचे काही तास आणि संध्याकाळचा थोडा वेळ एवढ्यापुरत्याच बाहेर दिसतात, आणि थंडीत बहुतेक जाती बिळात निपचित पडून राहतात. पर्यटकांचा हंगाम मात्र नेमका हिवाळ्यातच असल्याने, जेव्हा प्रवास सुखाचा असतो तेव्हा प्राणी दिसत नाहीत आणि जेव्हा प्राणी हिंडूफिरू लागतात तेव्हा तेथे उभे राहणेही कठीण होते.

सांडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शेपटीवर काटेरी खवल्यांची वलये असलेला, मुख्यतः पाने, फुले व शेंगा खाणारा हा जाडजूड प्राणी भुसभुशीत टेकड्यांऐवजी घट्ट जमिनीत बीळ खणतो आणि रात्री त्याचे तोंड आतून मातीने बंद करतो. सकाळी माती सारून तो आधी केवळ डोके बाहेर काढतो. त्या वेळी त्याची कातडी गडद असते, कारण गडद रंग ऊन अधिक शोषतो, आणि अंग तापल्यावर ती फिकट पिवळसर दिसू लागते. गरुड आणि ससाणे यांचे भक्ष्य असल्यामुळे तो बिळापासून फार दूर जात नाही, आणि पावलांचा कंप जाणवताच किंवा सावली हलताच क्षणात आत शिरतो. एकदा आत गेलेला सांडा पुन्हा बाहेर येईपर्यंत सकाळचे मऊ ऊन सरून गेलेले असते.

वाळूच्या टेकड्यांवर शोध याहूनही अवघड होतो. १९७१च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेल्या लोंगेवालाचे नाव १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी एका छोट्या सरड्याला दिले. बेडकासारख्या चपट्या डोक्याच्या या सरड्याचा रंग वाळूशी इतका एकरूप असतो की तो स्थिर असताना जवळूनही ओळखू येत नाही, आणि धोका जाणवताच तो शरीर दोन्ही बाजूंना झपाट्याने थरथरवत काही क्षणांत वाळूत गडप होतो. वाळूतला मासा म्हणून ओळखली जाणारी सापसुरळीची एक जात तर पृष्ठभागाखालूनच जणू पोहत जाते. तिचे पाय अगदी खुजे, मुस्कट पाचरीसारखे असते, आणि तिच्या अस्तित्वाची खूण म्हणून वाळूवर एक नागमोडी रेघ तेवढी उमटते.

रात्री फिरणाऱ्या सापांचा माग अशाच खुणांवरून काढावा लागतो. कोकणातील लोकांच्या परिचयाच्या फुरशाची एक मोठी उपजात थरमध्ये आढळते. हा विषारी साप सैल वाळूवर अंग उचलून तिरपा सरकत असल्याने त्याच्यामागे एकमेकींना समांतर अशा सुट्या, टोकाशी वळलेल्या रेघा राहतात. वारा वाहत नसेल तरच या रेघा सकाळपर्यंत टिकतात, आणि टिकल्या तरी त्या बहुधा एखाद्या झुडपाच्या मुळांशी किंवा बिळाच्या तोंडाशी संपतात, जेथे हात घालणे जिवावर बेतू शकते.

प्राणी सापडला तरी अडचणी संपत नाहीत. तापलेल्या जमिनीलगतची हवा सतत हलत असल्याने दुरून लांब भिंगाने घेतलेले चित्र लहरी उमटल्यासारखे अस्पष्ट येते, जवळ जावे तर प्राणी पळतो, आणि बारीक वाळू भिंगाच्या सांध्यांत शिरून यंत्र बिघडवते.

या साऱ्या वैतागातूनच काही जण बिळे उकरणे, झुडपे उपटणे किंवा प्राण्याला पकडून थंड करून सुस्तावणे असे मार्ग अवलंबतात. बीळ उकरणे म्हणजे उन्हापासून व शत्रूंपासून वाचवणारा प्राण्याचा एकमेव निवारा हिरावून घेणे होय, आणि थंडीने बधिर केलेल्या प्राण्याच्या चित्रातून त्याच्या स्वाभाविक वर्तनाविषयी काहीच कळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार संरक्षित प्राणी पकडणे हादेखील गुन्हा आहे. तथाकथित औषधी तेलासाठी सांड्याची हत्या आजही होते; त्यामुळे छायाचित्रासोबत नेमके ठिकाण प्रसिद्ध करणे म्हणजे शिकाऱ्यांना वाट दाखवणे ठरते. कालव्याचे पाणी, विस्तारणारी शेती, टेकड्या स्थिर करण्यासाठी लावलेली झाडे आणि पर्यटकांच्या जीपगाड्या यांमुळे मोकळ्या वाळूचा अधिवास आधीच बदलत चालला आहे.

म्हणून थरमध्ये जाणाऱ्याने स्थानिक गुराख्यांचे आणि वनकर्मचाऱ्यांचे ज्ञान मानावे, योग्य ऋतू निवडावा, अंतर राखून बसावे आणि चित्र न मिळाल्यास वाळूवरच्या खुणांची नोंद घेऊन परतावे. कारण जातीचा वावर सिद्ध करणारी प्रामाणिक नोंद ही प्राण्याला छळून मिळवलेल्या देखण्या चित्रापेक्षा विज्ञानाच्या आणि संरक्षणाच्या कितीतरी अधिक उपयोगाची असते.