वस्तूचं वय : एका जुन्या एअर पिस्तुलाच्या निमित्तानं

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यानंतर जर्मनीत राहणाऱ्या एका श्रोत्यांचा प्रश्न आला. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांकडून ते एक सेकंडहँड टार्गेट एअर पिस्तूल घेताहेत. डायाना कंपनीचं, मॉडेल ६. गृहस्थ म्हणतात, "माझ्या वडिलांनी १९६५ साली घेतलेलं." पिस्तुलावरच्या खुणा मात्र वेगळं काही सांगतात. श्रोते विचारतात, हा माणूस खोटं बोलतोय का?

आम्ही काही शस्त्रांचे जाणकार नाही. पण प्रश्न प्रमाणांचा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

टार्गेट एअर पिस्तूल म्हणजे दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारणारं पिस्तूल. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं वैयक्तिक कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. आजची स्पर्धेची पिस्तुलं दाबलेल्या हवेवर चालतात. मॉडेल ६ स्प्रिंगवर. त्यात दोन पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं धावतात, त्यामुळे धक्का आतल्या आत जिरतो आणि नेम हलत नाही.

आता पहिलं प्रमाण, उपमान. ज्यानं गवय पाहिलेला नाही त्याला कुणीतरी सांगतं, "गवय गाईसारखा असतो." पुढे रानात तसा प्राणी दिसला की तो ओळखतो, हाच गवय. जुन्या कॅटलॉगातलं वर्णन आणि हातातली वस्तू यांचा मेळ घालणं म्हणजे हेच. त्यातून मॉडेल कळतं. मॉडेल ६ बाजारात आलं १९६० च्या सुमारास. म्हणजे १९६५ अशक्य नाही. पण लक्षात घ्या, हे झालं मॉडेलचं वय. जातीचं वय म्हणजे व्यक्तीचं वय नव्हे. आंब्याची जात शंभर वर्षं जुनी असेल, म्हणून हातातला आंबा शंभर वर्षांचा होत नाही.

दुसरं, अनुमान. या पिस्तुलावर पंचकोनात कोरलेलं 'एफ' हे अक्षर आहे. साडेसात ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्रांवर जर्मनीत १९७० पासून हे चिन्ह आलं. जिथे धूर तिथे अग्नी, तसं जिथे हे चिन्ह तिथे १९७० किंवा त्यानंतरचा काळ. पण ही व्याप्ती तपासून घ्यायला हवी. चिन्ह पुढे कधीतरी, दुरुस्तीच्या वेळीही उमटवता येतं. म्हणजे ते चिन्हाचं वय सांगतं, पिस्तुलाचं कदाचित सांगतं. आणि उलट बाजूनं तर अजिबात चालत नाही : चिन्ह नाही म्हणून पिस्तूल १९७० पूर्वीचं, असं म्हणता येत नाही. परदेशी पाठवलेल्या मालाला त्याची गरजच नव्हती. हा सरळ हेत्वाभास झाला.

तसाच दुसरा हेत्वाभास म्हणजे झिजेवरून वय काढणं. या पिस्तुलांमधली पिस्टनची जुनी सीलं नुसत्या काळानं भुसभुशीत होऊन चुरा होतात. पेटीत बंद राहिलेलं पिस्तूल बाहेरून कोरं दिसेल आणि आतून निकामी असेल. चकाकी म्हणजे तारुण्य नव्हे, गंज म्हणजे म्हातारपण नव्हे.

तिसरं, प्रत्यक्ष. धातूवर बारीक आकडे ठोकलेले आहेत : '०५ ७२'. डोळ्यांना दिसतात ते चार आकडे, एवढंच. ही कंपनी महिना आणि वर्ष असं ठोकत असे, हे आपल्याला कळतं जाणकारांच्या सांगण्यातून, म्हणजे शब्दप्रमाणातून. दोन प्रमाणं एकत्र आली तेव्हा कुठे 'मे १९७२' हे ज्ञान झालं. 'एफ'शी ते जुळतंही. दोन स्वतंत्र वाटा एकाच गावी पोचल्या की विश्वास वाढतो. १९७२ ठरलं असं आपण आता म्हणू शकतो.

मग त्या गृहस्थांच्या शब्दाचं काय? न्यायशास्त्रात आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि तशीच सांगायची इच्छा आहे, तो. दोन अटी आहेत. गृहस्थांकडे दुसरी असेल, पहिली नसेल. वडिलांनी १९६५ मध्ये एक पिस्तूल घेतलं असेल, नंतर बदललं असेल. मुलाच्या आठवणीत दोन्ही एकच झाली असतील. पुराव्यातून एवढंच निघतं की हे पिस्तूल १९६५ चं नाही. तो माणूस खोटा आहे, हे निघत नाही. किंमत १९७२ ची द्या, पण त्यांना खोटं ठरवू नका.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. याच श्रोत्यांना मुलीच्या सरावासाठी पुढे दाबलेल्या हवेचं पिस्तूल घ्यायचं आहे. तिथे हवेच्या सिलिंडरवरही तारीख असते. सिलिंडर बदलता येतो, म्हणून ती तारीख पिस्तुलाचं वय सांगत नाही. पण तीच सगळ्यात आधी वाचा. आत सुमारे २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाब असतो. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत पाळणं ही स्पर्धेच्या नियमांनुसार नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे. मुदत संपलेली असेल तर नवा सिलिंडर घ्या. तिथे घासाघीस नको.

म्हणजे एकाच वस्तूवर दोन तारखा : एक सांगते ती कधी जन्मली, दुसरी सांगते ती कुठवर भरवशाची. कुठल्या तारखेला कुठला प्रश्न विचारायचा, हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं पुढच्या वेळी, हेत्वाभासांच्या प्रकरणात. आज इथेच थांबू.